काटक लोक

अहवालाच्या मसुद्यात तो शब्द अगदी ऐसपैस बसला होता. ‘गट सहामध्ये फुप्फुसाच्या आजारांचे प्रमाण इतर सर्व गटांपेक्षा कमी आढळले. कष्टाची सवय आणि मुळातली काटक शरीरयष्टी ही त्यामागची कारणे असावीत.’

वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारच्या टेबलावर आकडेमास्तर जेवणाचा डबा उघडत होता. आमच्या आरोग्य पाहणीच्या कार्यालयात संगणकातून तक्ते काढण्याचं काम त्याचं, म्हणून हे नाव. मी ते पान थेट त्याच्या डब्यावर धरलं.

“हे कोणी लिहिलं?”

“मोठ्या बाईंनी. का? आकडा बरोबर आहे. मी दोनदा तपासलाय.”

“गट सहा म्हणजे कोण, माहीत आहे का तुला?”

“दगडवाले.”

“दगडवाल्यांची फुप्फुसं शहरात सगळ्यांत चांगली?”

“तसं दिसतंय खरं,” तो म्हणाला आणि पान बाजूला करून घास घेतला. “कमाल आहे ना?”

कमाल होतीच. आमच्या शहरात नाना तऱ्हेचे लोक राहतात. कोणी पिढ्यान्‌पिढ्या इथले, कोणी कामासाठी आलेले, कोणाची घरातली भाषा वेगळी, कोणाचा धंदा वेगळा. कोणाला कोणता आजार होतो, कोणाच्या वाट्याला दवाखाना येतो आणि कोणाच्या वाट्याला फक्त त्याची पाटी, हे शोधून काढायलाच तर ही पाहणी. दारोदार जाऊन प्रश्न विचारणाऱ्या मुलींची मी प्रमुख. माझं डोकं लवकर फिरतं, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे जाणून आहेत. एखादी मुलगी घरोघर न जाता चहाच्या टपरीवर बसून टॅबमध्ये मनानेच उत्तरं भरताना सापडली, की तिला मी त्याच दिवशी काढून टाकते. मागून तिची आई रडत आली तरी परत घेत नाही. जो माणूस बोलला नाही त्याचं उत्तर लिहायचं नाही, हा एवढा एक धर्म मी पाळते. बाकी माझ्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

आणि हा नुसता शब्दाचा प्रश्न नव्हता. आरोग्य खात्याकडे छातीचा एक्स-रे काढणारी एकच फिरती गाडी होती. ज्या गटात आजार जास्त, त्यांच्या वस्तीत ती वर्षभर उभी राहणार होती. तक्त्यात पहिला नंबर कोणाचा लागला होता? टेकडीवरच्या बंगलेवाल्यांचा. तिथे माणूस दोनदा शिंकला की डॉक्टरकडे जातो आणि येताना आजाराचं एक लांबलचक नाव घेऊन येतो. म्हणजे गाडी टेकडीवर जाणार होती. गट सहा तक्त्याच्या तळाला होता, आणि त्या तळाशी माझी ताई राहते. तिचा नवरा, माझे दाजी, मिसरूड फुटण्याआधीपासून दगड कापतात.

त्याच संध्याकाळी मी ताईकडे गेले. त्या रस्त्याच्या एका अंगाला दगड कापायची आवारं आहेत आणि दुसऱ्या अंगाला घरं. झाडांची पानं, दारं, दोरीवरचे कपडे, सगळं एकाच रंगाचं. ताईने या लोकांत लग्न केलं तेव्हा आई म्हणाली होती, त्यांची भाषा वेगळी, रीत वेगळी, कशी निभावशील? ताईने मजेत निभावलं, भाषासुद्धा शिकली. धुळीबद्दल मात्र तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता.

दाजी मला रस्त्यातच भेटले, एका उलट्या टाकलेल्या पिंपावर बसलेले. कामाच्या आवारापासून घरापर्यंतचं अंतर ते एका दमात चालत नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणतात, गाड्या बघत बसलो होतो. त्या रस्त्याने दिवसभरात एखादा टेम्पो गेला तर गेला.

“काय मोजणीबाई,” मला बघून ते म्हणाले आणि थांबले. दम घेऊन उरलेलं वाक्य पूर्ण केलं. “आज काय मोजायला आलात?”

मेहुणीची थट्टा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी पिंपाला टेकून उभी राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, कुठेतरी लांब किटलीतलं पाणी तापत असावं तसा.

“दाजी, मागे आमची मुलगी टॅब घेऊन आली होती ना? तिने विचारलं असेल, डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितलं आहे का, की तुम्हाला फुप्फुसाचा आजार आहे?”

“विचारलं की.”

“मग?”

“नाही म्हणालो.”

“का?”

त्यांनी माझ्याकडे कीव करावी तसं बघितलं. “अगं, डॉक्टर मला कधी भेटलाच नाही. तो काय सांगणार, कप्पाळ?”

“आणि खोकला येतो का, असंही विचारलं असेल.”

“त्यालाही नाही म्हणालो. खोकला लहान पोरांना येतो, थंडीत. ही धूळ आहे. आमच्यात सगळ्यांनाच असते.”

तो प्रश्न मला तोंडपाठ होता, मुलींकडून मीच घोकून घेतला होता. टेकडीवर तो छान चालतो. पण ज्याला डॉक्टर आहे त्यालाच आजार असू शकतो, असा तो प्रश्न होता. डॉक्टर नाही, म्हणजे आजार नाही. या रस्त्यावरच्या घराघरातून आमच्या मुलींनी इमानाने ‘नाही’ गोळा करून आणलं होतं, आणि आम्ही थंडगार खोलीत बसून त्या ढिगाला काटक असं नाव दिलं होतं.

घरी ताईने चहा टाकला. आतल्या खोलीत भिंतीशी जाड गादीची एक घडी शिवून उभी लावलेली दिसली. तिच्या वर, चुन्यावर, माणसाच्या पाठीएवढा काळपट डाग पडला होता.

“हे काय गं?”

“आडवं पडलं की जीव घुसमटतो म्हणतात. आताशा बसूनच झोपतात. म्हणून टेकायला केलं.” ताईने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जसं काही दूध नासल्याचं सांगत होती.

“मग मोठ्या दवाखान्यात का नेत नाहीस?”

“नेलं की. दिवसभर रांगेत उभे. संध्याकाळी खिडकी बंद करून म्हणाले, उद्या या. दोन दिवस खाडा झाला की मालक तिसऱ्या दिवशी मशीनवर दुसरा माणूस उभा करतो. तुला काय जातंय सांगायला!” तिने कप माझ्यापुढे जवळजवळ आपटला. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ती तुमची एक्स-रेची गाडी येणार म्हणत होते सगळे. दारात आली तर जातील गं ते. डॉक्टरने लिहून दिलं की मालकाला यांना मशीनवरून काढावंच लागतं. फाटकावर बसायचं काम देतात मग. एकाला दिलंय तसं. आण ना ती गाडी. आयुष्यात काही मागितलंय का मी तुझ्याकडे?”

बाहेरच्या खोलीतून दाजींचा आवाज आला. “तिला चहा... पिऊ दे आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसले. मोठ्या बाई म्हणजे पाहणीच्या संचालिका. बाई वाईट नाहीत, हे मी रागातही म्हणेन. त्यांनी चष्मा काढून सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मुद्दा चांगला आहे. पण आकडे लागतील.”

आकडे काढायला लावले. गट सहामधल्या ज्या लोकांनी वर्षभरात डॉक्टर गाठला होता, तेवढेच आकडेमास्तरने वेगळे केले. मूठभर निघाले. त्यातले जवळजवळ सगळे फुप्फुसाने आजारी.

“हे घ्या,” मी म्हणाले. “हे छापा.”

बाईंच्या समोरच्या खुर्चीत आकडेमास्तर चुळबुळला. “हे छापता येत नाही. पंचवीसपेक्षा कमी माणसं असली की आकडा द्यायचा नाही. त्या चौकटीत फुली मारायची. एवढ्या थोड्या माणसांवरून काही ठरवू नये, असा नियम आहे.”

“थांब. डॉक्टरकडे गेलेले थोडे, म्हणून त्यांचा आजार छापायचा नाही. आणि न गेलेले भरपूर, म्हणून त्यांची तब्येत छापायची?”

आकडेमास्तरने बाईंकडे बघितलं.

“तसं बघायला गेलं तर... तसंच,” आकडेमास्तर म्हणाला.

“ज्यांना कोणी हात लावून बघितलं नाही ते ठणठणीत, आणि ज्यांना बघितलं त्यांच्यावर फुली! वा रे तुमची पाहणी! मग घरोघर फिरलो कशाला आम्ही? इथे बसूनच ठरवायचं होतं, कोण काटक आणि कोण नाजूक!”

“आवाज खाली,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमचं तिथे नातं आहे. म्हणून तुम्हाला हे दिसतंय.”

“नातं आहे म्हणून मला दिसतंय, बाई. ज्यांचं नातं नाही त्यांना दिसावं, म्हणून तर पाहणी करतात ना?”

त्यांना ते लागलं असावं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, की प्रकाशनाचा दिवस ठरलाय, मंत्री येणार आहेत, पुढच्या फेरीत प्रश्न बदलू, या फेरीत जे विचारलं त्याचंच उत्तर छापायला हवं. मी मूग गिळून बसले आहे असं वाटून त्यांना हुरूप आला. “आणि हे बघा, या लोकांचा आपल्याला आदरच आहे. मुखपृष्ठावर गट सहामधलाच माणूस घ्यायचं ठरवलंय. दगड घडवणारा. तुमच्या दाजींनाच विचारा की!”

माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. वेगळंच काहीतरी डोक्यात आलं होतं. “विचारते,” मी म्हणाले. “पण फोटोच्या वेळी तुम्ही स्वतः यायचं, बाई. लांबून नाही. जवळ उभं राहायचं.”

दाजींना फोटोचं भारी कौतुक वाटलं. ताईने इस्त्रीचा शर्ट घातला त्यांना, तो घालून ते वाटेत दोनदा बसून आवारात पोचले, ताई मागोमाग. मालकाने तेवढ्यापुरती मशीनं बंद ठेवली. सगळे कारागीर गोळा झाले आणि नवरदेव, नवरदेव म्हणून त्यांची टर उडवू लागले. मोठ्या बाई नाकाला रुमाल लावून एका बाजूला उभ्या होत्या. त्यांना दोष देत नाही, धूळ होतीच.

फोटोग्राफर भला माणूस होता. त्याने दाजींना एका मोठ्या फरशीशी उभं केलं, हातात छिन्नी-हातोडा दिला, उन्हाची तिरीप बघितली. दोन-चार फोटो काढून झाल्यावर त्याला एक कल्पना सुचली.

“काका, या फरशीवर धूळ आहे ना, तिच्यावर जरा फुंकर मारा. उन्हात उडताना मस्त दिसेल.”

दाजींनी हातोडा खाली ठेवला, वाकले आणि फुंकर मारली. धूळ जागची हलली नाही.

“जरा जोरात, काका.”

“थांबा हो,” दाजी म्हणाले, “इंजिन... तापू द्या.” सगळे हसले. त्यांनी फरशीला दोन्ही हात टेकले, गालांत हवा भरली आणि पुन्हा फुंकर मारली. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण फरशीवरची धूळ होती तिथेच होती. तिसऱ्यांदा मारायला गेले आणि फुंकर निघण्याऐवजी आतली ती धूळ वर आली. ते खाली बसले. इस्त्रीच्या शर्टाचं बटण तुटेपर्यंत खोकले. ताई पाणी घेऊन धावली.

त्यांची लाज झाकायला शेजारचा कारागीर पुढे झाला. “त्याला काय येतंय? मी दाखवतो.” त्याने फुंकर मारली. मग त्याच्या मागच्याने. मग खेळच झाला. एकेक जण हसत हसत पुढे यायचा, फरशीवर ओणवा व्हायचा, ओठांचा चंबू करायचा. बाकीचे आरडाओरडा करून चेव द्यायचे. पाच-सहा जण झाले असतील. फरशी जशीच्या तशी. मग कोणीतरी हसायचं थांबलं, आणि मग सगळेच थांबले. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

जन्मभर दगड कापलेल्या माणसांना दगडावरची धूळ फुंकता येत नव्हती. त्यांनाही ते तेव्हाच कळलं, सगळ्यांना एकदम. आजवर कोणी कोणाला फुंकर मारून दाखव म्हटलंच नव्हतं. सगळ्यांचा दम सारखाच तोकडा, म्हणून तोच पुरा वाटत होता.

मी बाईंकडे बघत होते. त्यांचा रुमाल खाली आला होता. चेहरा उतरला होता. त्यांना समजलं होतं, याची मी आजही शपथ घेईन. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. त्या फोटोग्राफरच्या जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “एखादा तरुण बघा ना. नवीन लागलेला.”

मी काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. एवढं आठवतं, की मी म्हणाले, “फुंकर मारता येणारा माणूस शोधताय होय? अख्खी पाहणीच अशी केलीत तुम्ही! जो तुमच्या चौकटीत बसेल तेवढाच माणूस, बाकीच्यांवर फुली! लाज नाही वाटत?” कारागीर बावरून बघत होते. दाजी हाताने मला गप्प राहा म्हणून खुणा करत होते, कारण बोलायला त्यांच्याकडे श्वास नव्हता. “मी सही करणार नाही,” मी म्हणाले. “छापा कसा छापताय तो अहवाल.”

हा माझा हुकमाचा पत्ता होता. सगळी उत्तरं खरी आहेत, दारोदार जाऊन घेतलेली आहेत, अशी प्रमुख म्हणून माझी सही झाल्याशिवाय अहवाल छापखान्यात जात नाही.

बाईंनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. त्यांचा आवाज थरथरत होता, रागाने की कशाने ते मला सांगता येणार नाही. “सही द्या. एक्स-रेची गाडी मी इथे पाठवते. दोन दिवस. माझ्या हातात तेवढंच आहे.”

“आणि ते काटक?”

“ते वाक्य वर गेलंय. मंत्र्यांच्या भाषणात आहे.”

टाकीच्या कडेने मला ताई दिसत होती. ती दाजींची पाठ चोळत होती आणि इकडेच बघत होती. मी दात-ओठ खात सही केली. उत्तरं खरीच होती, प्रत्येक ‘नाही’ दारात जाऊन घेतलेलं होतं. म्हणून तर जास्त संताप येत होता.

गाडी आली. दाजींचा नंबर पहिला लावला. आतली डॉक्टर पोरसवदा होती. तिने एक्स-रे उजेडात धरला, पुन्हा डोळ्यांजवळ आणून बघितला. मग म्हणाली, “काका, आजपासून दगडाला हात लावायचा नाही. फार उशीर केलात हो.”

दाजी गाडीच्या पायऱ्या उतरून माझ्याकडे आले. “घे. सांगितलं... डॉक्टरने. झालं समाधान?”

त्यांना फाटकावर खुर्ची मिळाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐटीत सांगायचे, आपण आता शिक्कामोर्तब झालेले आजारी आहोत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी निघून गेली तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत होती. मागे राहिलेले लोक थोडा वेळ तसेच रांगेत उभे राहिले, मग घरी गेले. गाडीतले आकडे अहवालात आले नाहीत, कारण ते पाहणीचा भाग नव्हते. मुखपृष्ठावर छिन्नी धरलेला नुसता एक हात आला, कोणाचा कोण जाणे. मंत्री भाषणात काटक म्हणाले आणि टाळ्या पडल्या. गाडी टेकडीवर गेली.

ही झाली मागच्या फेरीची गोष्ट. आता पुढची फेरी सुरू आहे. नवीन प्रश्नावली हातात आली तेव्हा मी सगळ्यात आधी तो प्रश्न शोधला. शब्दाचाही फरक नव्हता. बाईंना विचारायला गेले तर म्हणाल्या, “मागच्या फेरीशी तुलना करता यायला हवी ना? म्हणून तोच ठेवलाय.” यावेळी मी ओरडलेसुद्धा नाही.

दगडवाल्यांची गल्ली मी कोणत्याच मुलीला दिली नाही, स्वतःकडे ठेवली. ताईचं दार मीच वाजवलं. ताईने मला बसायला दिलं, समोर बसली, परक्या बाईसमोर बसावं तशी पदर सारखा करून. मी टॅब उघडला. पाहणीचा पहिला प्रश्न सगळ्या घरांत एकच असतो.

“काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?”

“मी,” ताई म्हणाली.

“अजून?”

तिने आतल्या खोलीकडे बघितलं. गादीची घडी काढली होती. भिंतीवरचा डाग होता. “ते तसेही झोपायचे कुठे,” ती म्हणाली. “बसूनच असायचे.”

दाजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी ‘घरातली माणसं’ या चौकटीत एक आकडा टाकला.

“आता तो डॉक्टरचा प्रश्न विचार,” ताई म्हणाली.

“तो तुला विचारेन, ताई. तुझ्यापुरता.”

“त्यांचा विचार. सांगितलं होतं ना डॉक्टरने. मी होते तिथे.”

“जिवंत माणसांचंच लिहितात त्यात.”

ताई उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला माझ्यावर असं ओरडताना ऐकलं नव्हतं. “म्हणजे जिवंत होते तेव्हा नाही लिहिलंत, आणि हो म्हणायची वेळ आली तर ते मेलेले! मग तुमच्या त्या पुस्तकात येणार कधी ते? समोरच्या घरातला गेला. पलीकडचे बापलेक दोघे गेले. आजारी होते ते सगळे गेले, आता धडधाकट तेवढे उरलेत, त्यांनाच विचारत फिर! यंदा आणखी काटक निघू आम्ही!”

ती बरोबर बोलत होती. मला तो तक्ता आत्ताच डोळ्यांपुढे दिसत होता, गट सहा तळाशी, मागच्या वेळेपेक्षाही खाली. मंत्री पुन्हा येतील. पुन्हा टाळ्या पडतील.

मी मागे गेले आणि एकाचे दोन केले. टॅबने दुसऱ्या माणसाची माहिती मागितली. नातं, पती. वय, गेल्या वर्षीचंच घातलं. काम, दगड कापणे. उत्तर देणारी व्यक्ती समोर हजर आहे का? मी ‘हो’ दाबलं. ज्या गोष्टीसाठी मी मुलींना घरी पाठवते, ती मी माझ्या बहिणीसमोर बसून, शुद्धीवर असताना करत होते.

प्रश्न मोठ्याने, शब्दन्‌शब्द वाचायचा आणि माणसाकडे तोंड करून वाचायचा, हा आमचा नियम आहे. मी भिंतीकडे तोंड केलं.

“डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितलं आहे का, की तुम्हाला फुप्फुसाचा आजार आहे?”

ताईचा राग ओसरला होता आणि तीही तिकडेच बघत होती. उत्तर देणाऱ्याला पुरेसा वेळ द्यायचा असतो, आणि दाजींना तर एका वाक्यात दोनदा थांबावं लागायचं. मी तेवढी थांबले. मग ‘हो’ दाबलं.

ताईकडून निघाले आणि समोरच्या घराची कडी वाजवली. दार एका बाईने उघडलं. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर वर, तसाच पाठीएवढा डाग होता. मी चप्पल काढून आत गेले आणि टॅब उघडला.